आडवा हात

खरात सर लिफ्टमध्ये मजल्याचं बटणसुद्धा डावा हात आडवा धरून दाबायचे. आमची बँक पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्टमधल्या सगळ्यांना पहिल्याच मजल्यावर जायचं असे, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. पण सरांचा उजवा हात कुठल्याही बटणाकडे निघाला की डावा आपोआप त्याच्यावर छपरासारखा यायचा. डबा गरम करायच्या ओव्हनवर मिनिटं टाकताना यायचा. मुलीला फोन लावतानाही यायचा. एकदा दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा त्यांनी खाली वाकून आकड्यावर हात धरला, असं त्यांच्या सौभाग्यवतीच सांगत. त्यातलं किती खरं आणि किती वैतागातून आलेलं, ते मला सांगता येणार नाही.

सर आमच्या शाखेत कार्डांचे अधिकारी होते. ऐकायला हे पद बरं वाटतं. प्रत्यक्षात कार्डं आली की पाकिटं वाटायची, हरवली की बंद करायची आणि कुणाचे पैसे गेले की त्याच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. पहिली दोन कामं दुसरं कुणीही केली असती. तिसरं सरांनी आनंदानं स्वतःकडे घेतलं होतं. माणूस ओरडून दमला की ते त्याला पाणी द्यायचे आणि विचारायचे, "दाबताना हात आडवा धरला होता का?" धरलेला नसायचाच. मग सर त्याला टेबलावर स्वतःच्या डब्याचं झाकण मशीन म्हणून ठेवून शिकवायचे. पैसे गेलेल्या माणसाला त्या झाकणाचा राग यायचा, पण शिकून जायचा.

मी कन्नड तालुक्यातल्या एका गावातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. बँकेत लागले तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले आणि मला बजावलं, साहेब लोक सांगतील ते ऐकायचं, उलट विचारायचं नाही. पहिल्या दिवशी मला सरांच्या शेजारचं टेबल मिळालं.

"काय मॅडम, आडनाव?"

"जाधव."

"जाधव म्हणजे कुठले?"

आमच्याकडे हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि उत्तर मात्र सगळे गावाचंच देतात. मीही दिलं. "कन्नडकडचे."

"ते झालं. पगाराचं कार्ड मिळालं? पिन टाकला?"

"हो सर."

"सांगू नका. मीच सांगतो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जाधव म्हटल्यावर दोन शक्यता. एक तर चौदा शून्य चार, नाय तर एकोणीस शून्य दोन. मगाशी तुमच्या मोबाइलची रिंगटोन ऐकली. पोवाडा होता. म्हणजे एकोणीस शून्य दोन."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तोच होता.

चौदा एप्रिल आणि एकोणीस फेब्रुवारी. आमच्या शहरात या दोन जयंत्यांना मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात, आणि उरलेलं वर्षभर याच तारखांनी लोकांची कार्डं उघडतात. सर म्हणायचे, बँकेनं चार आकडे दिलेत, दहा हजार नंबर होतात, आणि आपल्या लोकांना त्यातले दोनच पसंत पडतात.

"मग तुमचा, सर?" वडिलांचं सांगणं विसरून मी विचारून बसले.

"माझं आडनाव कार्डावर छापलेलं आहे. ते वाचलं की माझी जयंती कुठली, हे कुणालाबी कळतं. म्हणून माझा तो नाय." त्यांनी चष्मा खाली घेतला. "जयंती मनात ठेवायची मॅडम, कार्डात नाय."

त्याच दुपारी मी पिन बदलला. सर माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होते, "झालं का? नाय, मी बघत नाय. झालं का?"

कार्ड स्वतःच्या नजरेआड जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आमचे एक मॅनेजर बदलून गेले तेव्हा वेरूळच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर निरोपाचं जेवण होतं. बिल सरांनी दिलं. वेटर कार्ड घेऊन आत निघाला, तर सर ताटावरून उठून त्याच्या मागे. वेटरला वाटलं, साहेबांना हात धुवायचेत. त्यानं बेसिन दाखवलं. सर म्हणाले, "तू चल." मशीन काउंटरवर नव्हतं, मालकाकडे होतं, आणि मालक भट्टीपाशी. सर भट्टीपाशी गेले. आम्ही इकडे मॅनेजरसाहेबांच्या गुणांबद्दल एकेक जण बोलत होतो, आणि सर परत आले ते घामेजलेले, एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात गरम रोटी. भट्टीवाल्याला वाटलं होतं, हा माणूस रोटीसाठीच इतका आत आला.

"मिळालं का हो कार्ड, खरात?" मॅनेजरसाहेबांनी खवचटपणे विचारलं.

"गेलंच नव्हतं," सर म्हणाले आणि रोटी त्यांच्या ताटात वाढली.

नोटाबंदीनंतरच्या दिवसांत पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे कार्डाची मशिनं आली. तेव्हा बँकेनं आम्हाला बजाजनगरला शिबिर घ्यायला पाठवलं. कंपन्यांमधले कामगार, पाळी संपवून आलेले, समाजमंदिरात सतरंजीवर बसले होते. सरांनी झाकण काढलं, हात आडवा धरून दाखवला, सगळ्यांकडून करून घेतला.

"पिन कुणाला सांगायचा?"

"कुणालाच नाय!"

"दुकानदाराला?"

"नाय!"

"साहेब, बायकोला?" मागून एकानं विचारलं.

"लग्न तुमचं आहे, पिन बँकेचा आहे. तुमचं तुम्ही बघा."

लोक हसले. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उठले. हात जोडून म्हणाले, "साहेब, लई पटलं. माझा पिन आत्ताच्या आत्ता बदलून द्या. चौदा शून्य चार आहे."

सगळ्यांसमोर. सरांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दुसरीकडून आवाज आला, "अरे, माझाबी तोच!" तिसरा म्हणाला, "व्हय? माझाबी!" समाजमंदिरात एकदम नातेवाईक भेटल्यासारखा आनंद पसरला. माणसं एकमेकांना टाळ्या देऊ लागली.

"बदला," सर कळवळून म्हणाले. "सगळ्यांनी बदला. दुसरा ठेवा. मला सांगू नका."

पहिल्या गृहस्थांनी थोडा विचार केला. "मग चौदा दहा ठेवतो साहेब. दीक्षेची तारीख."

परतीच्या रिक्षात सरांनी झाकण डब्यावर घट्ट बसवलं. मग म्हणाले, "मॅडम, आपल्या लोकांना लपवायला शिकवणं अवघड आहे. लई वर्षांनी काहीतरी मोठ्यानं सांगण्यासारखं मिळालंय त्यांना." हे म्हणताना ते चिडलेले होते की अभिमानानं बोलत होते, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

पण सरांच्या आडव्या हाताची खरी किंमत लागली ती शहागंजात, रशीदभाईंच्या दुकानात.

रशीदभाईंचं चहापत्ती आणि मसाल्याचं दुकान. ते आणि सर नगरपालिकेच्या शाळेत एका बाकावर शिकलेले. दुकानात मिरची-हळद दळायची चक्की होती, तिचं बटण रशीदभाईंच्या गादीला लागूनच. ती सुरू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. कार्डाचं मशीन आल्यापासून तिथं एक नवी रीत पडली होती. गिऱ्हाईक कार्ड पुढे करायचं आणि चक्कीच्या वरताण आवाजात पिन ओरडायचं. "चौदा! शून्य! चार!" काउंटरवरचा माणूस दाबायचा. आपण स्वतः दाबणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं सगळ्यांना वाटायचं. अर्ध्या शहागंजाला बाकीच्या अर्ध्याचे पिन पाठ झाले असावेत.

एका शनिवारी मी सरांसोबत गेले होते. आईनं हळद मागवली होती. काउंटरवर रशीदभाईंनी नवा माणूस ठेवला होता, लई अदबशीर. त्यानं सरांचं कार्ड घेतलं, काउंटरच्या आतल्या बाजूला सरकवलं आणि मशीन दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं. सरांचा डावा हात छपरासारखा आला.

रशीदभाईंनी चक्की बंद केली.

"खरात, ये हात कायकू लगाया रे बीच में?"

"आदत है रशीद."

"आदत दुनिया के वास्ते. मेरे सामने? तेरी शादी की हल्दी इसी चक्की की लगी थी. भूल गया?"

"विसरलो नाय. तुझ्यापासून लपवत नाय मी."

"तो किससे? यहाँ मेरे सिवा है कौन?"

तिथं तो अदबशीर माणूस होता. भांडणात आपण पडू नये अशा बेतानं तो खाली बघून कार्ड पुसत होता. सरांचं लक्ष मात्र रशीदभाईंकडे होतं. ढाब्यावर भट्टीपर्यंत कार्डामागे गेलेले सर त्या दिवशी पहिल्यांदाच कार्डाकडे बघत नव्हते. हळद मिळाली, कार्ड मिळालं. रशीदभाईंनी निरोपाचा सलाम मात्र केला नाही.

काही आठवड्यांनी बँकेत माणसं येऊ लागली. कुणाचे पैसे परगावच्या एटीएममधून गेले, कुणाचं खातं रिकामं. तेव्हा चिपची कार्डं सगळ्यांना मिळाली नव्हती. जुन्या कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी काडेपेटीएवढ्या यंत्रावरून पुसल्यासारखी फिरवली की कार्डाची नक्कल होत असे. पिन तेवढा लागायचा, आणि तो तर लोक ओरडून सांगत होते. सर प्रत्येकाला विचारायचे, गेल्या महिन्यात कुठं कुठं कार्ड वापरलं. उत्तरं वेगवेगळी यायची, पण सगळ्यांमध्ये एक वास सारखा होता, गरम मसाल्याचा. सरांच्याही मोबाइलवर निरोप आला होता की चुकीचा पिन वारंवार टाकल्यामुळे कार्ड बंद केलं आहे. चिपची कार्डं आधी गिऱ्हाइकांना द्यायची म्हणून सरांनी स्वतःचं जुनंच ठेवलं होतं.

अहवाल वर पाठवायचा होता. त्यात दुकानाचं नाव गेलं की दुकानाचं मशीन बंद होणार, पोलीस जाणार, नाव जाणार. नव्या मॅनेजरांनी समजुतीनं सांगितलं, "खरात, तुमच्या दोस्तीतले आहेत. हवं तर दोन दिवस थांबा."

"दोन दिवसांत आणखी माणसं तिथं हळद घेतील, साहेब."

नाव लिहून सर उठले आणि पोलिसांच्या आधी स्वतः दुकानात गेले. काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी एका वाक्यात सांगितलं. रशीदभाई म्हणाले होते, "पहले नंबर छुपाया, अब नाम लिखाया." सरांनी पाव किलो हळद मागितली. त्यांनी दिली नाही.

तो अदबशीर माणूस तोवर काम सोडून गेला होता. पुढे परगावी सापडला. ओळख पटवायला सरांना ठाण्यात बोलावलं. जबाबात त्यानं सांगितलं, बाकी सगळ्यांचे नंबर ऐकू आले, या साहेबांचा दिसला नाही. मग कार्डावरचं नाव वाचलं, खरात. चौदा शून्य चार टाकून बघितला. मग चौदा दहा. मग शून्य सहा बारा. मग कार्ड बंद पडलं.

सर ठाण्यात मोठ्यानं हसले. हवालदार चिडला. "हसता कशाला?"

"अहो, याचा आमच्या समाजाचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का आहे. बजाजनगरच्या शिबिराला यालाच न्यायला पाहिजे होता."

रशीदभाईंचा यात काही हात नाही, असं पोलिसांनी सांगितलं. ज्यांचे पैसे गेले त्यांच्या तक्रारी सर महिनोन्महिने रेटत राहिले. पिन स्वतःच ओरडल्यामुळे बँक खळखळ करत होती, तरी बऱ्याच जणांचे पैसे सुटले. दुकानाला मशीनही परत मिळालं. गिऱ्हाईक तेवढं परतलं नाही. आमच्या बँकेतसुद्धा जेवणाच्या वेळी दोघं-तिघं म्हणाले, "आता कळलं ना?" काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. रशीदभाईंचं नाव घेऊन हे म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

सर त्या टेबलावरून डबा घेऊन उठले. पुढच्या रविवारी त्यांनी मला शहागंजात बोलावलं. "शिबिर आहे," म्हणाले. बँकेचं शिबिर रविवारी नसतं, एवढं मला कळत होतं, पण मी गेले. सर दुकानाच्या पायरीवर उभे राहून डब्याचं झाकण हलवत होते. मसाल्याला कुणी आलं नव्हतं, पण झाकण बघायला दहा-पंधरा माणसं जमली होती. रशीदभाई आत भिंतीकडे तोंड करून वेलदोडे निवडत होते. चक्की रिकामीच फिरत होती.

"ऐका," सर चक्कीच्या वर ओरडले. "हा माझा बालपणीचा दोस्त. माझ्या लग्नाची हळद याच्या चक्कीची. आणि याच्यासमोरबी मी हात आडवा धरला. का? चोराला माझा नंबर दिसला नाय, हे तर झालंच. पण मी जर नंबर ओरडलो असतो आणि माझे पैसे गेले असते, तर त्या दिवशी मला कुणावर शक आला असता? याच्यावर! चाळीस वर्षांची दोस्ती चार आकड्यांत गेली असती. हात आडवा पैशासाठी धरायचा नाय. समोरच्या माणसावर शक यायची पाळी येऊ नये, म्हणून धरायचा."

मग ते आत गेले, नवं चिपचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "पाव किलो हळद."

रशीदभाई वळले नाहीत. सर उभेच. लोक बघत होते. शेवटी रशीदभाईंनी हात लांब करून चक्कीचं बटण बंद केलं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "चुप बैठो सब. खरातसाब नंबर डाल रहे."

हळद त्यांनी तोलून अर्धा किलो दिली. पैसे पाव किलोचेच घेतले.

पुढच्या आठवड्यात मशीन चहापत्तीच्या खोक्यात गेलं. रशीदभाईंनी खोक्याला समोरून हात जाईल एवढं भोक पाडलं होतं, आणि कार्डवालं गिऱ्हाईक आलं की चक्की बंद, असा नियम केला होता. म्हणजे कुणाला ओरडावं लागू नये. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. खोकं बघायला आलेली माणसंही पाव किलो काहीतरी नेत. सरांनी खोक्याची तपासणी केली आणि भोक मोठं आहे असा शेरा मारला. "तेरा हात मोटा है," रशीदभाई म्हणाले.

सर निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. डब्याचं झाकण त्यांनी मला देऊ केलं होतं, पण त्यांच्या सौभाग्यवतींनी ते परत मागवून घेतलं, डबा उघडा पडला म्हणून. आता सगळे फोननं पैसे देतात. तरी लोकांना फसवणाऱ्यांचे फोन येतात, लोक आकडे सांगतात आणि मी पाणी देते. साहेब लोकांना उलट विचारायचं नाही असं शिकून आलेली मी आता गावात जाऊन मोठमोठ्या माणसांना दरडावते, "कुणाला सांगितलात?" हे धाडस सरांच्या शेजारच्या टेबलावरचं आहे.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय वाचले. नावं पुसली गेली. मला "कन्नडकडच्या मॅडम" म्हणू लागले. ऐकूही कमी येऊ लागलं. पिन विसरतो म्हणून दोनदा बँकेत आले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "सर, लक्षात राहील असाच ठेवा."

"लक्षात राहील असं आता एकच उरलंय मॅडम," ते म्हणाले आणि ओशाळं हसले. मी पाठ केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात मसाल्याच्या गर्दीत मी शहागंजात गेले होते. दुकान खच्चून भरलेलं. सर काउंटरपाशी होते, हातात कार्ड. फोनवर पैसे द्यायला ते अजून तयार नाहीत. नियमाप्रमाणे चक्की बंद झाली. गर्दीही सवयीनं गप्प झाली. सरांनी उजवा हात खोक्यात घातला, वर डावा आडवा धरला, अगदी पूर्वीसारखा. मान वळवून मागे कुणी बघत नाही ना, याची खात्री केली. आणि बटण शोधत, स्वतःला ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"एक!"

रशीदभाईंनी मान वर केली.

"चार!"

मी खाली बघितलं. रशीदभाई गादीवरून झेपावले आणि त्यांनी चक्कीचं बटण दाबलं. पुढचे दोन आकडे चक्कीत गेले.